दारूखान्यातली तीस वर्षं आणि बदललेली चाल: धातूंचा मेंदूवर परिणाम झालाय का, हे कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 57 वर्षांचे. मुंबईत रे रोडच्या दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजं तोडतात त्या भागात, तीसेक वर्षं गॅस कटिंग आणि वेल्डिंग केलं, अजूनही जातात. वर्षभरात चाल मंदावली, आवाज बारीक झाला, हात थरथरतो, दोनदा पाठीवर पडले, स्वभाव फार चिडका झालाय. डॉक्टरांनी पार्किन्सन्सची शंका व्यक्त केली. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं की हे धातूंचं विष आहे, केसांची तपासणी करा आणि चेलेशनची, म्हणजे औषधाने शरीरातले धातू बाहेर काढायची, सलाइनं लावा. घरात बहिणीची तीन वर्षांची मुलगीही आहे. हे खरंच धातूंमुळे असेल का, आणि आता काय करायचं?

धातूंमुळे असू शकतं. पण केसांवरून ते ठरणार नाही, आणि सलाइनं तर आत्ता अजिबात लावून घेऊ नका. या आठवड्यात तीन गोष्टी करा: बाबांचं कटिंग-वेल्डिंग थांबवा, त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढून घ्या, आणि भाचीच्या रक्तातलं शिसं तपासा. या तिन्हींना घाई का आहे, ते पुढे वाचा.

अशा प्रकरणात सगळ्यात जास्त फसगत होते ती 'नॉर्मल' रिपोर्टमुळे. प्रत्येक धातू शरीरात वेगळ्या ठिकाणी आणि वेगळा काळ मुक्काम करतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात गेलेलं शिसं दहा ते तीस वर्षं तिथेच राहतं. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांत असतं. मँगनीज रक्तातून काही दिवसांत निघून जातं, मेंदूत मात्र ते कितीतरी जास्त काळ टिकतं. पाऱ्याची वाफ श्वासातून गेली असेल तर लघवीत ती दोन-तीन महिने ओळखता येते. म्हणजे गावी दोन महिने आराम करून आलेल्या माणसाचं रक्त तपासलं आणि रिपोर्ट चांगला आला, तर त्याचा अर्थ एवढाच की गेल्या दोन महिन्यांत फार धातू आत गेला नाही. आधीच्या तीस वर्षांबद्दल तो रिपोर्ट काहीही सांगत नाही.

म्हणून पहिला पुरावा प्रयोगशाळेत नसतो, तो बाबांच्या आठवणीत असतो. एक फुलस्केप कागद घ्या आणि त्यांच्याजवळ बसून वर्षवार लिहून काढा. 'वेल्डर' एवढं लिहून भागत नाही. कोणतं मटेरियल कापायचे: जहाजाचे पत्रे, इंजिनाचे भाग, टाक्या, की पूल आणि शेडचे जुने गर्डर? पत्र्यावर रंग असायचा का, आणि खालचा प्राइमर कोणता? इथे नीट विचारा, कारण 'रेड ऑक्साइड' आणि 'रेड लेड' दिसायला सारखे लाल असले तरी पहिल्यात लोखंडाचा गंज असतो आणि दुसऱ्यात शिसं. जुन्या जहाजांवर आणि पुलांवर रेड लेड सर्रास असायचा. काम उघड्यावर होतं की टाकीत, होल्डमध्ये (जहाजाच्या मालकोठीत), बिल्जमध्ये (जहाजाच्या अगदी तळाशी) उतरून? रॉड कोणते वापरले? ई 6013, ई 7018 हे नेहमीचे. पण क्रशरचे जबडे, जेसीबीच्या बकेटचे दात किंवा रेल्वेची क्रॉसिंग भरायचं काम केलं असेल, तर ते हार्डफेसिंगचे, म्हणजे झिजलेल्या भागावर कठीण थर चढवायचे रॉड असतात आणि त्यांतल्या काही प्रकारांत बारा-चौदा टक्क्यांपर्यंत मँगनीज असतं. दिवसाला किती तास, तोंडाला काय बांधायचे, डबा कुठे खायचे, तंबाखू किंवा मावा कामावर खायचे का, कामाचे कपडे कुठे धुतले जायचे, हेही लिहा. मेंदूविकारतज्ज्ञाला ओपीडीत दहा मिनिटं मिळतात. हा कागद पुढे केला तर ती कामी येतात.

बाबांच्या लक्षणांवरून पहिला संशय मँगनीजवर जातो. त्याचं कारण असं. मँगनीज शरीराला थोडं लागतंच. जेवणातून जातं तेव्हा आतडं आणि यकृत मिळून त्यावर नियंत्रण ठेवतात, जादा झालेलं पित्तातून बाहेर टाकतात. पण वेल्डिंगच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून थेट रक्तात मिसळतात. मेंदूपर्यंत पोचताना यकृताचा पहिला पहारा त्यांना लागत नाही. शिवाय मँगनीज 2061 अंश सेल्सियसला उकळतं आणि लोखंड 2862 अंशांना. त्यामुळे आर्कमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या तापलेल्या विजेच्या झोतात, मँगनीज आधी उडतं, आणि रॉडमध्ये त्याचं प्रमाण कमी असलं तरी धुरात ते वाढलेलं असतं. मेंदूत गेल्यावर ते मुख्यतः ग्लोबस पॅलिडस या खोलवरच्या भागात साठतं. हालचाली सुरू करणं, थांबवणं, तोल सांभाळणं ही त्या भागाची कामं.

1837 साली ग्लासगोमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरांनी मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांचं वर्णन केलं, ते आजही लागू पडतं: पायांतली ताकद जाते, बोलणं पुटपुटल्यासारखं होतं, माणूस चालताना पुढे ओढला जातो. नेहमीच्या पार्किन्सन्सपेक्षा यात फरक दिसतो तो असा. पार्किन्सन्स बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो, हात मांडीवर स्वस्थ असताना बोटं थरथरतात, वास येईनासा होतो, आणि लेव्होडोपाच्या गोळीने सुरुवातीची काही वर्षं स्पष्ट फरक पडतो. मँगनीजमध्ये दोन्ही बाजू जवळपास एकदमच धरल्या जातात. स्वस्थ असताना कंप कमी, हात उचलल्यावर जास्त. तोल लवकर जातो. मागे चालायला सांगितलं तर माणूस सरळ पाठीवर पडतो. काहीजण टाचा उचलून, चवड्यांवर, कोपर दुमडून चालतात. आणि या सगळ्याच्या आधी काही महिने चिडचिड, झोप उडणं, विनाकारण हसणं-रडणं हे घरच्यांच्या लक्षात आलेलं असतं. लेव्होडोपाने फारसा फायदा होत नाही. तरी ती गोळी न्यूरोलॉजिस्टने सुचवल्यास पुरेशा डोसमध्ये आणि पुरेसे आठवडे घेऊन पाहावी, कारण प्रतिसाद मिळाला की निदान पार्किन्सन्सच्या बाजूने झुकतं. गोळी सुरू असेल तर मनानेच एकदम बंद करू नका.

पाठीवर पडण्याबद्दल दोन गोष्टी आधी तपासायला हव्यात, त्यांचा धातूंशी संबंध नाही. एक, पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साकळलं असेल, ज्याला सबड्युरल म्हणतात, तर त्यानेही मंदपणा आणि स्वभावबदल होतो. ते स्कॅनमध्ये लगेच दिसतं आणि त्यावर शस्त्रक्रियेचा इलाज आहे. दुसरी, पीएसपी नावाचा आजार. त्यातही माणूस लवकर मागे पडू लागतो, पण त्यात डोळ्यांची वर-खाली हालचाल, विशेषतः खाली बघणं, अवघड होतं. जिना उतरताना बाबांचं पाऊल चुकतं का, ताटात बघताना मान वाकवावी लागते का, हे पाहून डॉक्टरांना सांगा.

आता एमआरआय. साधा एमआरआय पुरतो. चिठ्ठीवर मात्र 'वेल्डर, तीस वर्षं. टी-1 प्रतिमेत ग्लोबस पॅलिडस पाहावा' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. टी-1 हा एमआरआयमधल्या प्रतिमेचा एक प्रकार. मँगनीज साठलेलं असेल तर टी-1 वर तो भाग दोन्ही बाजूंना पांढरट चमकतो. मुद्दाम सांगितलं नाही तर ही चमक नजरेतून सुटू शकते. घाई यासाठी की काम थांबल्यावर सहा महिने ते वर्षभरात ही चमक विरून जाते, आजार मात्र राहतो. तेव्हा काम आजच थांबवा आणि स्कॅन पुढच्या काही दिवसांत करा. रंगद्रव्याचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर टी-1 प्रतिमा त्याच्या आधी घ्यायला सांगा. डोळ्यांत किंवा शरीरात लोखंडाचा कीस गेल्याचा जुना प्रसंग असेल तर तेही तंत्रज्ञाला आधी सांगा. ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कण अडकलेला असू शकतो, आणि चुंबकीय क्षेत्रात तो सरकतो.

चमक दिसली म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. लक्षणं नसलेल्या वेल्डरांतही ती दिसते, कारण ती साठा दाखवते, इजा नाही. यकृत सिऱ्होसिसने बिघडलेलं असेल तर पित्तातून मँगनीज बाहेर पडत नाही आणि वेल्डिंग न करताही तशीच चमक येते. म्हणून यकृताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी सोबत करून घ्या. दारूचा इतिहास असेल तर तो लपवू नका. शरीरातलं लोह आणि फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासा: लोह कमी असलं की त्याच वाहतूक-मार्गाने मँगनीज आणि शिसं जास्त शोषलं जातं. मूळव्याधीतून वर्षानुवर्षं रक्त जात असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

रक्तातलं मँगनीज तपासायचं तर अख्ख्या रक्तात तपासावं. साधारण मर्यादा लिटरला 4 ते 15 मायक्रोग्रॅम. सुईच्या स्टीलमधून मँगनीज मिसळतं म्हणून पहिली नळी बाजूला ठेवून दुसरी पाठवतात. आकडा वाढलेला आला तर चालू संपर्काचा पुरावा म्हणून उपयोगी, साधा आला तर काहीच बाद होत नाही.

बरं होण्याबद्दल खोटी आशा देत नाही. फार लवकर काम थांबलं तर काही लक्षणं सौम्य होतात. पण तैवानमधल्या फेरोमँगनीज कारखान्यातल्या आजारी कामगारांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा काम सुटल्यावरही चालण्यातला बिघाड आणि ताठरपणा वाढत गेल्याचं दिसलं. चालण्याचा आणि तोल सांभाळण्याचा फिजिओथेरपीचा व्यायाम, बाथरूममध्ये धरायला दांडा, पाठीवर पडू नये म्हणून वळताना मोठा वळसा घ्यायची सवय, यांचा रोजच्या आयुष्यात उपयोग होतो. त्या गोष्टी निदानाची वाट न बघता सुरू करा.

बाबांच्या कामात शिशाचा वाटा किती, हे आता बघू. शिसं 327 अंशांना वितळतं आणि 500 अंशांच्या पुढे त्याची वाफ लक्षात घेण्याइतकी होते. गॅस कटरची ज्योत 3000 अंशांच्या घरात असते. रेड लेड लावलेला पत्रा तसाच कापला की पिवळसर-पांढरा धूर उठतो तो शिशाचा असतो. पण कटिंगवाल्याच्या शरीरात शिसं केवळ नाकाने जात नाही. दुपारी काम थांबतं, हात पॅंटला पुसले जातात, चुन्याची डबी निघते, आणि डाव्या तळव्यावर तंबाखू ठेवून उजव्या अंगठ्याने ती मिनिटभर मळली जाते. तळव्याच्या रेघांतली करडी धूळ चुन्यासोबत तंबाखूत मळली जाते आणि चिमूट गालात जाते. दिवसातून आठ-दहा वेळा. नुसत्या पाण्याने हात धुऊन ही धूळ सुटत नाही. साबण आणि नखांचा ब्रश लागतो, आणि तो तंबाखूच्या आधी लागतो, फक्त जेवणाच्या आधी नाही.

मेंदूत शिसं कॅल्शियमचा वेष घेऊन शिरतं. मज्जापेशी एकमेकींना निरोप देताना कॅल्शियमवर अवलंबून असतात, तिथे शिसं लुडबूड करतं, आणि स्मरणशक्तीला लागणारे एनएमडीए ग्राहक (पेशीवरचे निरोप पकडणारे भाग) अडवतं. मोठ्यांमध्ये याचा परिणाम हळूहळू चढतो: लक्ष टिकत नाही, प्रतिक्रिया मंदावते, नवं लक्षात राहत नाही, राग लवकर येतो. सोबत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड कुरतडली जातात, पोटात मुरडा आणि बद्धकोष्ठ, रक्तक्षय, आणि जास्त झालं की मनगट उचलता येत नाही. हिरडीच्या कडेला निळसर रेघ दिसते, पण ती नसली म्हणून शिसं नाही असं समजू नका. केवळ शिशाने पाठीमागे पडणं आणि पार्किन्सन्ससारखी चाल सहसा होत नाही. बाबांच्या चिडचिडीत आणि विसराळूपणात मात्र शिशाचाही हात असू शकतो.

शिशाची तपासणी अख्ख्या रक्तात करायची, सीरममध्ये (पेशी काढून उरलेल्या द्रवात) नाही, कारण रक्तातलं 99 टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं. नळी सूक्ष्म धातूंसाठी प्रमाणित, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली हवी. साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आधी फोन करून हे विचारा. रक्त घेण्याआधी कोपराची त्वचा साबणाने धुऊन मग स्पिरिट लावा. त्वचेवरच्या धुळीने आकडा फुगतो. रिपोर्टमध्ये एकक पाहा: मायक्रोग्रॅम प्रति लिटर असेल तर दहाने भागा म्हणजे प्रति डेसिलिटर मिळेल. मोठ्या माणसात 10 च्या वर गेलं की कामाची पद्धत बदलायला हवी. एकदा 30 च्या वर, किंवा चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा 20 किंवा जास्त आलं, तर शिशाच्या कामावरून बाजूला करावं, असं व्यावसायिक आरोग्यातले बरेच तज्ज्ञ आता सांगतात. अमेरिकेच्या जुन्या नियमांत ही मर्यादा 50-60 होती. कुणी तो आकडा दाखवून 'तुमचं 40 आहे, ठीक आहे' म्हणालं तर ऐकू नका. वय वाढून हाडं विरळ झाली, थायरॉइड वाढलं किंवा महिनोन्महिने अंथरुणात पडून राहावं लागलं, तर हाडातलं जुनं शिसं रक्तात परत येतं. त्यामुळे निवृत्तीनंतरही वर्षातून एकदा तपासा.

आता भाची. मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी दहा टक्क्यांच्या आसपास शोषतो, लहान मूल पन्नास टक्क्यांपर्यंत. तिचा मेंदू घडतोय, आणि त्या वयात बसलेला फटका बुद्धी, लक्ष आणि वागणं यांवर कायमचा राहतो. सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. अमेरिकेत 2021 पासून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा धरतात, जागतिक आरोग्य संघटना 5 पासून पुढे उगम शोधा म्हणते. तिचं रक्त शिरेतून घ्या, बोटातून नको. आकडा वाढलेला आला तर पहिला इलाज म्हणजे उगम बंद करणं. 45 च्या वर गेलं तरच औषधाने शिसं काढायचा विचार होतो, तोही रुग्णालयात. तोवर तिला लोह पुरेसं मिळतंय का, दूध-नाचणी पोटात जाते का, हे बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तिला थोड्या-थोड्या वेळाने खायला द्या.

घरात शिसं येतं ते कपड्यांवरून, चपलांवरून, केसांतून. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कामाची पॅंट खिळ्याला टांगली आणि खाली मूल खेळतंय, हे चित्र बदलायचं आहे. कामाचे कपडे कामावरच बदलावेत. ते शक्य नसेल तर दाराबाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत, झटकू नयेत, आणि वेगळ्या बादलीत धुवावेत. घरात झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. झाडूने धूळ हवेत उडते आणि तासाभराने पुन्हा बसते.

घरातले बाकीचे उगमही एकदा बघून टाका. शेंदूर हा परंपरेने शिशाचा ऑक्साइड असतो. मारुतीला लावलेला शेंदूर मुलाच्या कपाळाला किंवा बोटाला लागू देऊ नका. कल्हई शुद्ध कथलाची असली तर ठीक, पण स्वस्तात करून देणारा शिसं मिसळत असेल तर आंबट वरण-आमटीत ते उतरतं. भंगार वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांमध्येही शिसं सापडलं आहे. सुरम्याच्या काही प्रकारांत शिशाचा सल्फाइड असतो. सुटी हळद फार भडक पिवळी दिसत असेल तर लेड क्रोमेटची (शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची) शंका घ्या. बाबा किंवा घरातलं कोणी 'शक्तीसाठी' भस्म, रस घेत असेल तर त्याची बाटली डॉक्टरांना दाखवा: नागभस्म म्हणजे शिसं, रससिंदूर आणि मकरध्वज म्हणजे पारा. सजावटीच्या घरगुती रंगांत शिशाची मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) आहे. त्याआधीचा दार-खिडकीचा ऑइलपेंट पोपडे काढून घासायचा असेल तर आधी ओला करा आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

चेलेशनबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं, कारण या नावाखाली पैसे उकळले जातात आणि जीवही जातो. चेलेशनचं औषध धातूला धरून लघवीतून बाहेर काढतं, आणि तीव्र शिसेबाधेत ते जीव वाचवतं. मोठ्यांमध्ये शिसं 100 च्या वर, किंवा 50 च्या वर आणि ठसठशीत लक्षणं, अशा वेळी तज्ज्ञ त्याचा विचार करतात. पण मेंदूची झालेली इजा त्याने भरून येत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 20 ते 44 पातळी असलेल्या लहान मुलांना सक्सिमर हे चेलेशनचं औषध दिलं. रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नाही. संपर्क चालू असताना हे औषध दिलं तर आतड्यातून आणखी शिसं शोषलं जाऊ शकतं. आणि नावातला एक घोळ जीवघेणा आहे: शिशासाठी वापरायचं ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. नुसतं डायसोडियम ईडीटीए दिलं तर ते रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतं आणि हृदय थांबतं. त्याने मृत्यू झालेले आहेत. मँगनीजमध्ये ईडीटीएने लघवीतलं प्रमाण वाढतं, चालण्यात खात्रीशीर सुधारणा मात्र दिसत नाही.

याच धंद्यातला दुसरा भाग म्हणजे आधी औषध देऊन मग लघवी तपासणं. औषध दिलं की निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी जुळवून 'विषबाधा' म्हणून छापला जातो. केसांचं तेच. बाहेरून चिकटलेली धूळ आणि आतून आलेला धातू वेगळा काढता येत नाही. भंगारात काम करणाऱ्याच्या केसात धातू सापडणारच.

पाऱ्याचा बाबांशी संबंध दिसत नाही, पण याच शहरात तो आहे. झवेरी बाजारात झारेकरी सोनाराच्या दुकानातली माती धुऊन, पाऱ्याने सोनं पकडून, मग तो गोळा तापवतात. पारा वाफ होऊन उडतो आणि पोटमाळ्यावरच्या खोलीत कोंडतो. गिळलेला धातुरूप पारा जवळपास तसाच बाहेर पडतो, पण श्वासातल्या वाफेपैकी ऐंशी टक्के आत राहते. बोटं, पापण्या, ओठ बारीक थरथरतात, सही बदलते, हिरड्या सुजतात, माणूस बुजरा आणि चिडखोर होतो, झोप जाते. तपासणी लघवीची, क्रिएटिनिनशी जुळवून. पारा सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नये, कागदाच्या कडेने थेंब गोळा करून बंद बाटलीत ठेवावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मासळीतला पारा हा वेगळा, मिथाइल पारा. जपानच्या मिनामाता इथे 1956 साली त्याचा आजार उघड झाला. तो मोठ्या शिकारी माशांत साठतो, म्हणून गरोदर बाईने मोठी मुशी टाळावी. बोंबील, मांदेली, बांगडा सोडायची गरज नाही. 

आर्सेनिक मेंदूपेक्षा हातापायांच्या नसांना जास्त धरतं, तळव्यांची आग आणि बधिरपणा. अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणि अल्झायमर यांचं नातं सिद्ध झालेलं नाही. अ‍ॅल्युमिनियमने मेंदू बिघडल्याचं खात्रीचं उदाहरण 1970 च्या दशकातल्या डायलिसिसच्या रुग्णांचं आहे, ज्यांच्या डायलिसिसच्या पाण्यातच ते होतं.

बाबांच्या तपासण्यांत बी-12, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि क्रिएटिनिन असायलाच हवं. बंद टाकीत कटिंग करताना कधी बेशुद्ध पडले होते का, विचारा. कार्बन मोनॉक्साइडही त्याच ग्लोबस पॅलिडसला इजा करतो. थिनर, रंगाचे फवारे यांचाही इतिहास घ्या. बाबांचं वय पाहता विल्सन आजाराची शक्यता फार कमी आहे, पण चाळिशीच्या आतला कोणी थरथरत असेल तर रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) तपासावं. तांब्याचा तो आनुवंशिक आजार औषधाने आटोक्यात येतो.

त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठी. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान दहा सेंटिमीटर रंग आधी काढा, ओला करून खरवडून, कोरडा ग्राइंडर लावून नाही. धूर खेचणारी नळी ज्योतीपासून नळीच्या व्यासाइतकी लांब गेली की तिची ओढ दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून ती कामाला अगदी लागून, आणि अशा बाजूला ठेवा की धूर तोंडासमोरून जाणार नाही. नुसता पंखा मागून मारला तर धूर शेजाऱ्याकडे जातो. रुमाल आणि सर्जिकल मास्क धातूचा धूर अडवत नाहीत. बदलता येणाऱ्या पी-100 फिल्टरचा रबरी हाफ मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो. बंद टाकीत हा मास्क पुरत नाही, तिथे बाहेरून हवा पुरवावी लागते.

शेवटी कागदपत्रं. शिसं, मँगनीज, पारा यांची विषबाधा कायद्यात नोंदवण्याजोग्या आजारांत येते, आणि भरपाईसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही या तिन्हींची नावं आहेत. बाबांचं कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांना व्यावसायिक आजाराची शंका लेखी नोंदवायला सांगा. कंत्राटी असतील तर हजेरीचे कागद, मुकादमाच्या चिठ्ठ्या, गेटपास, जुने फोटो, पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, जे मिळेल ते जपा, आणि सोबत काम केलेल्या दोघा-तिघांचे लेखी जबाब आत्ताच घ्या. जागेवरच्या हवेतला धातू मोजणं, कामाच्या पद्धतीबद्दल सल्ला घेणं यासाठी शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चौकशी करता येते. आणि रुग्णालय केईएम असो, जेजे असो, पहिल्याच दिवशी केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' लिहू देऊ नका. 'जहाजाचे रंगवलेले पत्रे गॅसने कापणे व वेल्डिंग, अमुक साल ते अमुक साल' असं पूर्ण लिहून घ्या. भरपाईचा अर्ज करायची वेळ आली तर सगळ्यात आधी तोच कागद मागितला जातो.